लोखंडाला नातं कळत नाही

उदगीरकर सर कुठल्याही नव्या इमारतीत शिरले की आधी खांबाजवळ जाऊन मान तिरकी करून उभे राहायचे. कॉलेजात शिकवायला मी नवी होते तेव्हा मला वाटलं, माणूस देवभोळा दिसतोय, वास्तुपुरुषाला नमस्कार करतोय. मग एकदा जवळून पाहिलं. सर खिशातली स्कूटरची किल्ली काढून खांबावर वर, मध्ये, खाली ठोकत होते आणि कान लावून ऐकत होते. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं आणि आतून पोकळ झालेलं बद्द वाजतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. आम्हा सगळ्या सिव्हिलवाल्यांना ते ठाऊक होतं. पण म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये, देवळात, इराण्याच्या हॉटेलात किंवा दाताच्या डॉक्टरकडे कोणी खांब ठोकत बसत नाही. सर बसायचे. पोरांनी त्यांचं नाव ‘टकटक सर’ ठेवलं होतं आणि सरांना ते माहीत होतं.

हैदराबादेत मी बरकतपुऱ्यात राहायचे, सर नल्लकुंट्याला. आमचं कॉलेज गावाबाहेर, रिंग रोडच्याही पलीकडे माळावर उभं होतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ कॉलेजच्या बसमध्ये आमची गाठ असायची. बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सरांचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात नोकरीला म्हणून उदगीरहून आले ते इथलेच झाले. तीन पिढ्यांत उदगीर उरलं ते आडनावात आणि सरांच्या ‘करायलाय-जायलाय’मध्ये. डब्यात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची चटणी. शेजारचे लोक तिला गोंगुरा म्हणायचे. सर म्हणायचे, नाव काही का असेना, दात सगळ्यांचे सारखेच आंबतात.

शिकवायचे स्ट्रक्चर. बीम, कॉलम, स्लॅब. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे असूनही ते मला कायम ‘मॅडम’ म्हणाले आणि ‘अहो-जाहो’ केलं. आवाज मऊ, कपडे स्वच्छ पण इस्त्री नाही, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावर कुठेतरी छताकडे बघायची सवय. नव्या माणसाला वाटायचं, हे आपल्याकडे लक्ष देत नाहीत. ते छताकडे लक्ष देत असायचे. त्यांचं एक वाक्य होतं, ते वर्षातून निदान शंभरदा तरी कानावर पडायचं: लोखंडाला नातं कळत नाही. ठेकेदार मेहुणा असो की मंत्री मामा असो, कमी पडलेली सळई भिडेखातर वजन उचलत नाही, असा त्याचा अर्थ. पोरं ते वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. मीही दाखवायचे, खोटं कशाला बोलू.

नारायणगुड्याला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. हॉल जुना, वरच्या अंगाला गॅलरी, गॅलरीत बायका-मुलांची ही गर्दी. सर आले, अक्षता घेतल्या आणि सवयीनं गॅलरीखालच्या खांबाकडे गेले. टकटक केलं. पुन्हा केलं. मग मॅनेजरला गाठून वरची माणसं खाली उतरवा म्हणून मागे लागले. मॅनेजर हसला, मुलीचा बाप ओशाळला, मुलाकडच्या एका काकांनी हे गृहस्थ कोण म्हणून चौकशी केली. शेवटी शैलजावहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि आम्ही जेवायला बसलो. सर जेवले नाहीत. पंगती उठेपर्यंत बाहेर रस्त्यावर उभे राहून ते गॅलरीकडे बघत होते. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी जरा खोचकपणेच म्हणाले, सर, गॅलरी आहे हं अजून जागेवर. ते म्हणाले, “तेच तर वाईट आहे, मॅडम. पडत नाही तोवर लोकांना वाटतं, टिकली.”

ती गॅलरी आजही उभी आहे. मी त्या हॉलमध्ये पुन्हा कधी गेले नाही.

श्रीनू सरांच्या नजरेत भरला तो ठोकळ्यांच्या प्रयोगात. सिमेंट, वाळू, खडी कालवून ठोकळे पाडायचे, पाण्यात मुरू द्यायचे आणि मग यंत्रात दाबून फोडायचे. किती वजनाला ठोकळा फुटला तो आकडा मांडायचा. आता कुठल्याही कॉलेजात जा, ठोकळा फुटायच्या आधीच आकडा ठरलेला असतो. मागच्या वर्षीच्या पोरांकडून तो वारसाहक्कानं येतो आणि मास्तरही डोळेझाक करतात. त्या वर्षी सरांनी मुद्दाम ओल लागून गुठळ्या झालेलं सिमेंट दिलं. ठोकळे पावासारखे फुटायला हवे होते आणि तसेच फुटलेही. मग सरांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून आकडा विचारला. पहिल्या गटानं वारशातला छान, भरदार आकडा सांगितला. दुसऱ्यानं त्याच्याच आसपासचा. श्रीनूच्या गटाची पाळी आली. हा पोरगा करीमनगरकडच्या एका खेड्यातला, वर्गातला सगळ्यात मेहनती. ठोकळा स्वतःच्या हातानं फोडून यंत्राचा काटा त्यानं नीट वाचला होता. त्यानं एकदा मित्रांकडे पाहिलं आणि तोच भरदार आकडा सांगितला.

वर्ग सुटल्यावर सरांनी त्याला थांबवलं. मी तिथं यंत्राला कुलूप लावत होते. खरा कितीला फुटला, असं विचारताच त्यानं क्षणाचाही विचार न करता खरा आकडा सांगितला.

“फिर बोला कायकू नई?”

“सर, मैं बोलता तो सब लोगां फसते थे.”

त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. उलट आपण काहीतरी सोसलं आणि कुणाला कळू दिलं नाही असा समाधानी भाव होता. सरांनी त्याला जा म्हटलं. बाकी सगळ्यांना आठवडाभर फैलावर घेतलं, श्रीनूला मात्र एक शब्द बोलले नाहीत. मला ते पक्षपाताचं वाटलं. मागाहून कळलं, ते घाबरले होते.

शेवटच्या वर्षाला ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ असा एक विषय असतो. त्याचे मार्क निकालात धरत नाहीत, तास जेवणानंतरचा, आणि शिकवायला कोणी तयार नसतं. सर दरवर्षी मागून घ्यायचे. पुस्तक उघडायचे नाहीत. पहिल्या तासाला फळ्यावर काहीही न लिहिता एकच प्रश्न विचारायचे: किसके वास्ते झूठ बोलिंगे तुम लोगां? खोटं बोलाल का असं नाही, कोणासाठी बोलाल. त्यांचं म्हणणं असं की नियम शिकवून कोणी खरं बोलत नसतं. पोरगं जन्मापासून घरात जे बघतं, तेच उद्या सही करताना त्याचा हात धरतं. घरात देवाची भीती असेल तर ती, पोलिसाची असेल तर ती, आणि भीती नसून नुसती भीड असेल तर मग देवच वाली.

त्या वर्षी मी मागच्या बाकावर बसून तो तास ऐकला. आयेशा नावाची हुशार मुलगी होती, ती म्हणाली, किसीके वास्ते बी नई सर, उपरवाला देखरा. सरांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, पकडले जाणार नसू तर कोणासाठीही. वर्ग हसला, सरही हसले. हा निदान कायद्याला तरी भिईल, म्हणाले. एक जण मित्रांसाठी, एक जण नोकरीसाठी. मग श्रीनू उभा राहिला. त्याच्या आईनं त्याला एकटीनं वाढवलं होतं आणि तिचं एक वाक्य तो कायम सांगायचा: पेद्दवाळ्ळ माट कादनकूडदु. मोठ्यांचा शब्द मोडू नये. 

“अम्मा के वास्ते, सर. और आपके वास्ते बी.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तास लवकर सोडला. बसमध्ये विद्यानगर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, एवढा जीव लावणारा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं. तेव्हा म्हणाले, पोरगं वाईट असतं तर बरं झालं असतं. वाईट माणसाला लोक जपून असतात. ह्याला कोणी काही म्हणायचं नाही आणि हा कोणाला नाही म्हणायचा नाही. मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

श्रीनू पास झाला, पुढं शिकला, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लायसन्स मिळालं. कुकटपल्लीकडं ऑफिस टाकलं. दर दसऱ्याला तो सरांच्या घरी जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन यायचा आणि दोघांच्या पाया पडायचा. सरांना मूलबाळ नव्हतं. वहिनी त्याच्यासाठी पुरणपोळी राखून ठेवायच्या आणि सर दाराशी उभे राहून तो जिना उतरून जाईपर्यंत बघायचे.

सरांची नल्लकुंट्याची इमारत चार मजली होती, खाली गाड्या लावायला सेलर. सेलर म्हणजे अर्धवट जमिनीत गेलेला मजला, हैदराबादेत प्रत्येक इमारतीला असतो. त्या वर्षी त्यांच्या इमारतीला साडेसाती लागली. बोअर आटला, टँकर सुरू झाले. दोन म्हातारी माणसं पाठोपाठ गेली, एकाचं दुकान बुडालं. सोसायटीचे अध्यक्ष राव गारू, म्हणजे आपल्याकडचे रावसाहेब, एका वास्तुवाल्याला घेऊन आले. त्यानं सेलरभर फिरून निदान केलं: पाण्याचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, नैर्ऋत्येला आहे, म्हणून माणसं जातायत. तो बुजवा आणि ईशान्येला मोठा संप खणा. टँकरचं पाणी साठेल आणि दोषही जाईल.

ईशान्येच्या कोपऱ्यात इमारतीचा खांब उभा होता. सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं की खांबाच्या पायाला लागून खड्डा खणणं म्हणजे उभ्या माणसाच्या पायाखालची माती काढणं. राव गारू अतिशय अदबशीर माणूस. ते म्हणाले, सर, आपण विद्वान आहात, पण मृत्यू कोणाच्या घरी झालेत? लायसन्सवाल्या इंजिनिअरचं पत्र आणतो, मग तर झालं? सर म्हणाले, कोणीही शहाणा इंजिनिअर असं पत्र देणार नाही. त्यांना तशी खात्रीच होती. त्याच सुमारास पुण्याला त्यांची धाकटी बहीण आजारी पडली आणि सर तिच्या दवाखान्यासाठी तिकडे गेले ते उन्हाळा सरत आल्यावर परतले.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. वहिनींचे गुडघे गेलेले, लिफ्ट बंद पडलेली, आणि टँकर आला की बादल्या घेऊन खाली पळायचं. शिवाय भीती होतीच. दोन मृत्यू त्यांनीही पाहिले होते. राव गारूंनी गोड बोलून त्यांच्याकडून श्रीनूचा नंबर घेतला आणि फोन त्यांनाच करायला लावला. वहिनी त्याला म्हणाल्या, अरे, तुझे सर ऐकत नाहीत, पण पाण्यावाचून हाल चाललेत रे. तो त्याच दिवशी आला. सेलरमध्ये गेला, खांब बघितला. मग म्हणाला, सर के घर को पानी नई, मैं कैसा नई बोलूं. जरा लांबून खणा एवढं सांगून त्यानं पत्र दिलं. कोपरा अरुंद. खणणाऱ्यांनी लांबून कुठून खणायचं? खांबाच्या पायाला घासूनच खड्डा उतरला.

सर पुण्याहून आले तेव्हा संप भरलेला होता आणि सोसायटी खूश होती. सामान वर नेण्याआधी ते सेलरमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला एवढंच सांगितलं, की किल्लीनं ठोकलं आणि बद्द वाजलं. मग रोज एक बातमी. पहिल्या मजल्यावरचं न्हाणीचं दार लागेना झालं. वहिनींच्या स्वयंपाकघरातली फरशी भर दुपारी फट्कन आवाज होऊन उचलली गेली. तुळईवर केसाएवढी चीर आली. ती आधी आडवी होती, नंतर तिरकी झाली. सर ती चीर अगदी थंड आवाजात सांगायचे. मी त्यांना माझ्याकडे राहायला या म्हटलं. ते म्हणाले, आम्ही आलो तर बाकीचे झोपतील कसे? मला ते नीट कळलं नाही. नंतर समजलं की इमारतीतले लोक त्यांच्याकडे बघूनच धीर धरून होते. टकटक सर राहतायत म्हणजे काही धोका नाही, असा त्यांचा हिशेब. आणि सर धोका बोलून दाखवायचे तेव्हा तेच लोक हसायचे.

सरांनी श्रीनूला बोलावलं. त्या रविवारी मीही गेले होते. भर दुपारची वेळ, सेलरमध्ये तरी दिवे लावलेले. श्रीनूनं ती चीर पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. सर त्याला रागावले नाहीत. उद्या सकाळी पालिकेत जा, म्हणाले, आणि मी चुकीचं पत्र दिलं असं स्वतः सांग. ते इमारत रिकामी करतील. श्रीनू रडायला लागला. लायसन्स जाईल, आई हे ऐकून जगायची नाही, बायकोला दिवस गेलेत. हात जोडून तो म्हणाला, सर, आपके वास्तेच तो दिया. वहिनी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. सर खांबाकडे बघत राहिले. त्यांनी त्याला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी श्रीनू पालिकेत गेला नाही. सर दुपारपर्यंत वाट बघत थांबले, मग मला फोन केला: चला, सोबत दुसरा कोणी इंजिनिअर असला तर बरं. आम्ही गेलो. अधिकारी तरुण होता, समंजस होता. सरांनी खांब, पाया, खड्डा, चीर सगळं असं समजावलं की तो खुर्चीतून उठलाच. आजच्या आज इमारत रिकामी करतो म्हणाला. मग त्यानं जे विचारायला हवं तेच विचारलं. खणा म्हणून पत्र देणारा इंजिनिअर कोण? त्याच्यावर कारवाई करावी लागेल.

सर छताकडे बघत होते. मग खाली बघून म्हणाले, “बच्चे की गलती नई है. मैं उसका गुरू हूं. जगा देख के मैंच बोला था उसको, खोदो करके.”

ते तेव्हा पुण्यात होते. हे मला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, आणि ज्याच्यासाठी ते बोलले त्यालाही माहीत होतं. अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं आणि सरांनी दोनदा तेच सांगितलं, लेखी दिलं, खाली सही केली. सही नेहमीसारखीच स्वच्छ उमटली. मला वाईट त्याचंच वाटलं.

बाहेर आल्यावर ऑटोत मला राहवलं नाही. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. लोखंडाला नातं कळत नाही, सर.

“लोखंडाला नाही कळत,” ते म्हणाले. “मला कळतं, त्याला काय करू?”

संध्याकाळच्या आत इमारत रिकामी झाली. लोक गॅस सिलिंडर, देव आणि शाळेची दप्तरं घेऊन रस्त्यावर उभे होते आणि सरांना शिव्या घालत होते. आधी खणू नका म्हणाले, मग गुपचूप विद्यार्थ्याला खणा म्हणाले, आता पोलीस आणले, दुतोंडी माणूस. फोन कोणी केला-करवला ते राव गारूंना पक्कं माहीत होतं, पण सगळं सरांवर गेलेलं पाहून तेही गप्प राहिले. आठवडा उलटायच्या आत, टेकू लावायला माणसं येण्याआधीच, ईशान्येचा कोपरा बसला. आत कोणी नव्हतं. चार मजल्यांची ती बाजू सेलरमध्ये उतरली आणि वहिनींच्या स्वयंपाकघराची भिंत रस्त्यावरून उघडी दिसायला लागली, फळीवरच्या डब्यांसकट. इतकी माणसं सरांमुळे जिवंत राहिली. त्यांतल्या कोणीही ते बोलून दाखवलं नाही.

सरांच्या लेखी जबाबामुळे श्रीनू नुसत्या ताकिदीवर सुटला आणि कॉलेजनं सरांकडून राजीनामा घेतला. नीतिमत्ता शिकवणाऱ्यानंच असा सल्ला दिला म्हटल्यावर पोरांनाही हसायला विषय झाला. सर आणि वहिनी मलकपेठेला थोरल्या बहिणीकडे राहायला गेले. मी अधूनमधून जायचे. एकदा मी असतानाच श्रीनू आला, संत्री घेऊन. सरांच्या पायावर डोकं ठेवून खूप रडला. सरांनी त्याला उठवलं, पाठीवरून हात फिरवला, संत्रं सोलायला घेतलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, अशी पत्रं आणखी कुठं कुठं दिलीस रे?

श्रीनूनं डोळे पुसले आणि अगदी मनापासून सांगितलं, “बडे लोगां बोले उनकोच दिया सर. अपने मन से एक बी नई दिया.”

आपण किती सरळ आहोत हे तो पटवून देत होता. सरांनी सोललेलं संत्रं तसंच ताटलीत ठेवलं. तो गेल्यावर ते दाराशी उभे राहिले नाहीत.

मी म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, परत पालिकेत जा आणि खरं काय ते सांगा. मीही येते. आम्ही गेलो. तोच अधिकारी होता. त्यानं चहा मागवला, सरांचं सगळं ऐकून घेतलं, माझंही ऐकलं आणि फार आदरानं म्हणाला की सर, शिष्याला वाचवायला तेव्हा आपण खोटं बोललात म्हणता, मग आज त्याला बुडवायला खरं बोलताय हे मी कशावरून मानू? आपण स्वतः लिहून दिलंय. तो चुकीचं बोलत नव्हता. सर पुन्हा एकटेही जाऊन आले. तेव्हा शिपायानंच बाहेर बसवून परत पाठवलं. जन्मभर ज्या माणसाच्या शब्दाला नुसतं हसलं जायचं, त्या शब्दाविरुद्ध आता त्याची स्वतःचीच सही उभी होती. श्रीनूचं काम वाढतच गेलं. नम्र माणूस, कोणाला नाही म्हणत नाही, अशी बाजारात त्याची ख्याती होती.

सर मला शेवटचे दिसले ते गेल्या हिवाळ्यात. माझा भाचा अनिश सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फ्लॅट घ्यायचा होता आणि मावशी सिव्हिलची म्हणून मला साइट बघायला घेऊन गेला. शहराच्या पश्चिमेला खडक फोडून तयार केलेल्या जागेवर मान मोडेल इतके उंच तीन टॉवर चालले होते. गेटवर मोठा फलक, त्यावर नियमाप्रमाणे सगळ्यांची नावं. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून श्रीनूचं. आणि गेटपासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, डोक्याला मफलर गुंडाळून सर उभे.

मी गाडीतून उतरून गेले. ते खूप वाळले होते. म्हणाले, बसनं येतो, दर रविवारी. आत सोडत नाहीत. मी विचारलं, आत जाऊन काय करणार आहात? “ऐकून येईन म्हणतो,” ते म्हणाले. मग फलकाकडे बघत म्हणाले, की ह्या वेळी कोण मोठं माणूस बोललं असेल त्याला, एवढं तरी कळायला पाहिजे होतं.

 भाचा इथं घर घेतोय, त्याला काय सांगू, असं मी विचारून बसले. सर माझ्याकडे बघायला लागले. छताकडे नाही, सरळ माझ्याकडे, आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, तुम्हीच सांगा, मॅडम. माझं नाव नका घेऊ. माझ्या नावानं सांगितलंत तर खोटं समजून घर घेईल तो.

मी अनिशला सांगितलं. तिथंच, गेटसमोर, सगळं पहिल्यापासून. तो गोंधळला. साइट दाखवायला आलेला कंपनीचा पोरगा आदबीनं ऐकत उभा होता. मध्ये न बोलता त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, मॅडम, वो सर को हम लोगां पहचानते. अपनी बिल्डिंग उनोच गिराए ना? खुद लिख के दिए थे, गलती मेरी है करके. अनिशनं माझ्याकडे पाहिलं. सही सरांची होती, मी नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

एव्हाना पाहणाऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. माणसं उतरत होती, लहान मुलं मान वर करून मजले मोजत होती, कोणीतरी नारळ आणला होता. अनिश म्हणाला, मावशी, आत जाऊन नुसतं बघून तर येऊ. मी मागे वळून पाहिलं. सरांनी खिशातून किल्ली काढली होती. खांबापर्यंत त्यांना कोणी जाऊ देणार नव्हतं, म्हणून ते बाहेरून कंपाउंडच्या भिंतीवरच ठोकत होते, आणि मफलर बाजूला करून भिंतीला कान लावत होते. वॉचमन त्यांच्याकडे चालत निघाला होता. त्याला पाहून ते दोन पावलं पुढं सरकले आणि पुन्हा ठोकून ऐकायला लागले.